फुलाचा आवाज

झिलू बहिरा झाला असं गुंद गावात सगळे म्हणायचे. तसं नाही, हे सांगून सांगून त्याची बायको फुला थकून गेली होती. रानात भेकर भुंकलं तरी झिलूला झोपेत कळायचं, परसात फणस पडला की तो उठून बघायला जायचा. माणूस बोलायला लागलं की मात्र त्याच्या कपाळाला आठ्या पडायच्या. "निसती खडखड," म्हणायचा. स्वतः नीट बोलायचा, पण दुसऱ्याचा एक शब्द कळेल तर शपथ.

भातकापणीत चक्कर येऊन तो बांधावर कोसळला होता. तोंड वाकडं झालं ते पुढे सुधारलं, हे मात्र राहिलं. त्याला अक्षर येत नव्हतं, म्हणून सगळा संसार हातवाऱ्यांवर. संध्याकाळी फुलाचे हात भरून यायचे. त्याच्यासमोर ती तोंड उघडायची ती वैतागली की. "मसणात जावा तिकडं," असंही म्हणायची. कळतंय कुणाला?

दांडेलीच्या डॉक्टरांनी त्यांना बंगळूरला धाडलं. तिथल्या मोठ्या इस्पितळात, ऐकताना माणसाचा मेंदू कसा चालतो याची चित्रं काढणारं यंत्र होतं. तिथली तारा डॉक्टरीण बेळगावकडची, मराठी बोलणारी.

"मावशी, यांचे कान चांगले आहेत. आवाज मेंदूत जातो कुठे, ते आम्हाला बघायचंय."

"मग बरं व्हतील न्हवं?"

"नाही. हा उपचार नाही. आम्हीच अजून शिकतोय. नको असेल तर आत्ताच सांगा."

म्हैस जावेवर टाकून, एस्ट्या बदलत, रेल्वेत चेंगरत फुला इथवर आली होती. रागवायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं. तिने झिलूला यंत्र दाखवलं, हातांनी विचारलं. त्याने खांदे उडवले.

"आलोच हाय तर बघा," ती म्हणाली.

ताराने तिच्यापुढे टेपरेकॉर्डर ठेवला. घरी बोलता तसं बोला, म्हणाली. फुलाला आधी काही सुचेचना. मग ती म्हणाली, "जेवलासा काय? म्हस बांधलीसा काय? या, पेज गार व्हतीया." तीच वाक्यं दोन नर्सांनीही म्हटली.

झिलूच्या कमरेचा चांदीचा करदोटा काढून घेतला, कानांवर आवाज ऐकवायच्या नळ्या लावल्या आणि त्याला त्या बोगद्यात सरकवलं. हलू नका, हे फुलाने आडवा हात धरून सांगितलं. यंत्र ठोके घालू लागलं. काचेबाहेर ती भिंतीला टेकून उभी राहिली.

बाहेर आला तेव्हा झिलूला घाम फुटला होता.

"पाऊस वाजवला, घंटा वाजवली," तो म्हणाला. "मग बायकांची खडखड. त्यात ही व्हती. फुला. काय म्हणत व्हती, कुणाला ठावं."

तारा चटकन वळली. पुढे बराच वेळ ती संगणकापाशी बसून राहिली. मग तिने फुलाला पडद्यावर मेंदूचं करडं चित्र दाखवलं. डावीकडे, शब्द कळायच्या जागी, काळा डाग होता. उजवीकडे लाल ठिपके उमटले होते.

"शब्द पोचत नाहीत, मावशी. पण कुणाचा आवाज आहे ते त्यांना ओळखू येतंय, असं दिसतं. एकाच माणसावरून ठाम सांगवत नाही."

फुला बाकड्यावर बसली.

"आवाजातला राग कळतो काय त्यास्नी?"

"कळत असेल. ते आम्ही तपासलं नाही. मे महिन्यात पुन्हा याल का? तेही बघता येईल."

फुलाने लुगड्याच्या पदराने तोंड पुसलं. "न्हाई, बाई. मला ते बघायचं न्हाई. दमले मी."

ताराने आग्रह केला नाही. करदोटा तिच्या हातात दिला, फाटकापर्यंत सोबत आली.

परतीच्या रेल्वेत खिडकीशी जागा मिळाली. झिलू सारखा विचारत होता, डॉक्टरीण काय म्हणाली? फुलाने आपल्या छातीवर बोट ठेवलं, मग त्याच्या कानावर. तो हसला. "त्यात काय सांगायचं? मी तर तिथंच म्हटलं."

ती त्याच्या खांद्यावर कलंडली आणि लोंढा स्टेशनापर्यंत मेल्यासारखी झोपली. सकाळी त्याने तिला हलवून उठवलं, पिशवी त्याने आधीच खांद्याला लावली होती. घराकडे जाणारी रामनगरची एस्टी भरलेली होती. दोघं उभ्यानेच गेली.