हेम्प तेलाची पारख

फ्रिजमधून बाटल्या कमी होत होत्या आणि माझा संशय सरळ धाकट्या जावेवर होता. तिचं गोड बोलणं माझ्या कधी पचनीच पडलं नाही.

आमच्या घरच्या कारखान्यात हेम्पचं, म्हणजे भांगेच्या बियांचं तेल निघतं. नशेचं नव्हे, खायचं. पण भारी नाजूक प्रकरण. उजेडाचं वावडं, उष्णतेचं वावडं, हवेचं तर विचारूच नका. म्हणून गडद बाटली, घट्ट झाकण आणि फ्रिज. बी जुनं निघालं तर एवढं करूनही तेल खवट होतं. ते ओळखायचं काम माझं. थेंबभर तेल मनगटावर चोळून हुंगायचं. चांगल्याला ओल्या अक्रोडाचा वास येतो, बिघडलेल्याला भिंतीच्या रंगाच्या जुन्या डब्याचा. मी ‘भरा’ म्हटल्याशिवाय दीर एक खोकं हलवत नाहीत. या घरात माझा शब्द चालतो तो एवढ्या एकाच गोष्टीत, आणि तेही हिच्या डोळ्यांत खुपत असणार.

दुपारी सगळे पेंगत असताना ती टॉवेलात दोन बाटल्या गुंडाळून मागच्या दाराने निघाली. मी अनवाणीच तिच्या मागे. म्हटलं, आज रंगेहाथ धरते. परस्पर विकत असेल, नाहीतर माहेरी पोचवत असेल.

तिने दोन्ही बाटल्या एका जुन्या बादलीत उपड्या केल्या.

“मी पास केलेलं तेल ओतून देतेस?” मी विचारलं. “मला खोटं पाडायचंय तुला?”

ती दचकली. “ताई, खवट झालंय ते.”

“सकाळीच हुंगलंय मी. खवट वास मुळीच नव्हता.”

तिने बाटली पुढे केली. मी नाकाशी धरली. अक्रोड नाही, रंग नाही, काहीच नाही. “कुठे येतोय वास?” म्हणत वर पाहिलं, तर तिने स्वतःचं नाक बोटांनी दाबून धरलं होतं.

“तुम्हाला तो ताप येऊन गेला, तेव्हापासून असं होतंय, ताई. परवा दूध करपलं, तरी तुम्ही शेजारी बसून होतात. मी कुणाला बोलले नाही.”

इतकी भीती मला तापातही वाटली नव्हती.

आतून दिरांची हाक आली. “वहिनी, नवी बॅच तयार आहे. भरू का?”

आत जाऊन मी थेंब मनगटावर चोळला, नेहमीसारखा सावकाश हुंगला आणि नजर जावेच्या तोंडावर ठेवली. तिने हळूच होकारार्थी मान हलवली. ती खोटं सांगत असती तरी आता मला कळणार नव्हतं.

“भरा,” मी म्हणाले.