त्रेसष्ट वजा अठ्ठावीस

बाईंनी वही उघडली, पान उलटलं, आणखी एक उलटलं आणि लाल पेनाचं टोपण पुन्हा लावून टाकलं. तपासायला काही नव्हतंच. तारीख होती, समास आखलेला होता, फळ्यावरच्या दहाही वजाबाक्या सुबक उतरवून घेतल्या होत्या. उत्तरांच्या जागा तेवढ्या कोऱ्या. आज अकरावा दिवस.

मधली सुट्टी झाली होती. तिसरीचा वर्ग बाहेर धुडगूस घालत होता आणि वहीची मालकीण टेबलाजवळ खाली मान घालून उभी होती. तिला सगळे खार म्हणत, कारण गणितं संपली की पानाच्या तळाशी ती एक खार काढायची. शेपटी नेहमी खारीपेक्षा मोठी. अकरा दिवसांत तीही कुठे दिसली नव्हती.

दोष कुणाचा, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. दोन आठवड्यांपूर्वी त्यांनी याच वहीचा फोटो शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला होता. चार हजार शिक्षकांचा ग्रुप. अडलं की विचारायचं, सुचलं की सांगायचं. बाई तिथे खरोखरच शिकल्या होत्या. कागदाच्या घड्या घालून अपूर्णांक शिकवायचे, हे तिथलंच. म्हणून भाबडेपणाने त्यांनी लिहिलं, ‘त्रेसष्ट वजा अठ्ठावीस, उत्तर पंचेचाळीस. दर वेळी असंच करते. काय करू?’ मुलीच्या नावावर अंगठा ठेवण्याइतकं शहाणपण होतं. खारीवर ठेवायचं सुचलं नाही.

उपाय मिळाला नाही, हशा मिळाला. ‘हिला अर्थमंत्री करा.’ ‘हिला माझं वय काढायला सांगा.’ सव्वादोनशे जणांची हसून हसून मुरकुंडी वळली, आणि त्यांत दुसऱ्या शाळेत शिकवणारी खारीची सख्खी आत्याही होती. तिने शेपटी ओळखली. घरी जेवताना फोन ताटांवरून फिरला. कुणी मारलं नाही, रागावलं नाही. नुसते पोट धरधरून हसले. हे कानावर आलं तेव्हा बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी पोस्ट काढून टाकली, पण तोवर फोटो आणखी कुठेकुठे जाऊन पोचला होता.

आज सकाळी मात्र एका निवृत्त मास्तरांचा त्यांना स्वतंत्र निरोप आला होता. ओळीभरच. ‘ती कसं करते, हे तिलाच विचारलंत का?’

नव्हतं विचारलं. चार हजार जणांना विचारलं, तिला नाही.

“अगं, मी रागावणार नाही,” बाई म्हणाल्या. “त्रेसष्टमधून अठ्ठावीस... तू कसं करायचीस? सांग ना एकदा.”

खारीने टेबलावरच्या फोनकडे पाहिलं. बाईंनी तो उचलून ड्रॉवरमध्ये टाकला.

“तीनातून आठ जात नाहीत,” ती हळूच म्हणाली. “मग आठातून तीन काढायचे. पाच.”

“असं कुणी सांगितलं तुला?”

“तुम्हीच. नेहमी मोठ्यातून लहान वजा करायचं. फळ्यावर चौकट करून लिहिलं होतंत. पाठ करा म्हणालात.”

लिहिलं होतं. चौकटीसकट आठवलं. हातचा शिकवायच्या कितीतरी आधी, मुलांना सोपं जावं म्हणून. बाकीचा वर्ग ते वाक्य सोयीने विसरला होता. या एकटीने ते इमानाने पाळलं होतं.

“म्हणजे चूक माझी होती गं. तुझी नव्हती.”

खारीने मान डोलावली, मोठ्यांचं मन राखायला मुलं डोलावतात तशी. घंटा झाली.

संध्याकाळी बाईंनी ग्रुपवर सगळं लिहिलं. आपलं वाक्य, ती चौकट, मुलीचं उत्तर. काही आडपडदा ठेवला नाही. सकाळपर्यंत तीन जणांनी हात जोडले होते. चौथ्याने विचारलं होतं, ‘ती आधीची भारी वजाबाकी पुन्हा टाकता का? आमच्या स्टाफरूममध्ये दाखवायची आहे.’

त्या दिवशी मधल्या सुट्टीत खार आपणहून वही घेऊन आली. बाईंनी घाईघाईने पान उघडलं. दहाही वजाबाक्या सोडवलेल्या. दहाही बरोबर. पण आकडे ठसठशीत, मोठ्या माणसाचे. फळ्यावर लिहून लिहून बसलेलं वळण. पानाचा तळ रिकामा होता.

“आत्याने करून दिल्या,” खार म्हणाली. त्यात लपवण्यासारखं तिला काही वाटतच नव्हतं. “रोज देणार आहे ती.”

बाईंनी पान पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“सगळ्या बरोबर आहेत ना, बाई?”

“आहेत.”

“मग आता फोटो नाही ना काढणार?”

“नाही,” बाई म्हणाल्या.

खार जागची हलली नाही. तिची नजर लाल पेनावर होती. बाईंनी टोपण काढलं आणि एकेक करून दहाही बरोबरच्या खुणा केल्या.