रुळण्याचे पंधरा दिवस

खोकला आला नव्हता, तरी आजोबा खोकले.

खोलीच्या दुसऱ्या टोकाला, मातीकामाच्या टेबलाशी, टिकलीची मान लगेच वळली. हातातला अर्धवट साप तिथेच टाकून ती धावत आली आणि आजोबांच्या गुडघ्यावर हात ठेवून जाणत्या बाईच्या सुरात म्हणाली,

“गार हवा सोसत नाही हो आता.”

“नाही सोसत,” आजोबा म्हणाले.

भिंतीपाशी उभ्या असलेल्या ताईंनी घड्याळाकडे पाहिलं आणि वहीत लिहिलं : सहा मिनिटं.

पाळणाघराचा नियम साधा होता. नव्या मुलाला रुळायला पंधरा दिवस. तोवर त्याच्या ओळखीचं एक माणूस खोलीच्या कोपऱ्यातल्या छोट्या खुर्चीत बसणार. त्यानं खेळायचं नाही, खेळवायचं नाही, शिकवायचं तर मुळीच नाही. नुसतं दिसत राहायचं. मूल लागोपाठ तीन दिवस दहा-दहा मिनिटं खुर्चीकडे न येता रमलं, की त्या माणसानं मुलाला सांगून बाहेर पडायचं. नजर चुकवून पळण्याची परवानगी नव्हती. पंधरा दिवसांत मूल रुळलं नाही, तर जागा यादीतल्या पुढच्याला. यादीत एकेचाळीस नावं होती.

खुर्ची फूटभर उंच होती. तीत बसलं की आजोबांचे गुडघे छातीला लागत आणि ते घडी घालून ठेवल्यासारखे दिसत. चौतीस वर्षं ते वजनमापांचे निरीक्षक होते. ते बाजारात शिरले की दुकानदारांना आईवडील आठवत. दहा ग्रॅमची चूक त्यांनी सख्ख्या मेहुण्यालाही माफ केली नव्हती आणि मेहुण्यानंही त्यांना ती माफी न दिल्याबद्दल कधी माफ केलं नव्हतं. अशा माणसावर खोटं खोकण्याची पाळी यावी, हे त्यांचं त्यांनाही पटत नव्हतं. पण न पटणारी कामं ते नोकरीतही मन लावून करत.

तीन वर्षं टिकलीला त्यांनीच वाढवलं होतं. लेक आणि जावई सकाळी कामावर जात, आणि मग घरात दोघंच म्हातारे उरत. कारण टिकलीही हळूहळू म्हातारीच होत चालली होती. खाली बसताना ती उसासा टाकी. वर्तमानपत्र उलटं धरून ‘कशात काही राहिलं नाही’ म्हणे. जिना चढताना तर तिचे गुडघे आजोबांच्या आधी दुखायला लागत.

“बाबा, तिला मित्र हवेत,” लेक म्हणाली होती. “तिच्या वयाचे.”

“मी आहे की.”

“तुम्ही अडुसष्ट वर्षांचे आहात.”

“मनानं नाही.”

“तीच तर अडचण आहे. मनानं ती झालीय अडुसष्टची.”

 आजोबा हो म्हणाले आणि खुर्चीत येऊन खोकू लागले.

पाचव्या दिवशी मात्र त्यांच्या हातून नियम मोडला. खोलीत मुलांचं खोटंखोटं दुकान होतं आणि दुकानात लाकडी तराजू. त्याचं डावं पारडं रिकामं असतानाच खाली बसलेलं होतं. सगळी पोरं त्या तराजूवर बिनधास्त देवघेव करत होती. आजोबांनी चार दिवस दात आवळून हा अन्याय पाहिला. पाचव्या दिवशी ते उठले, गुडघ्यांवर रांगत दुकानापर्यंत गेले आणि उजव्या पारड्याखाली वाटाण्याएवढी माती चिकटवून त्यांनी काटा मध्यावर आणला. पोरांनी श्वास रोखून पाहिलं.

“आता बरोबर आहे,” आजोबा म्हणाले. “आता चालू द्या.”

“आजोबा, खुर्ची,” ताई म्हणाल्या.

ते परत जाऊन बसले, पण दुकान आता टिकलीनं ताब्यात घेतलं होतं. आजोबा आपले आहेत, या एकाच पात्रतेवर. ती ठोकळे तोलू लागली, गिऱ्हाइकांना ओळीत उभं करू लागली. एकाला तिनं ‘पुढच्या महिन्यात या’ असंही सांगितलं. त्या पोराला ते इतकं आवडलं की तो पुन्हा पुन्हा रांगेत येऊन तेच ऐकू लागला, आणि दोघंही हसू लागली. टिकलीचं ते हसू आजोबांच्या ओळखीचं नव्हतं. त्यात अडुसष्ट वर्षांचं काहीच नव्हतं.

सात मिनिटं झाली. आठ झाली. आजोबा खोकले.

टिकली आली. तिच्यापाठोपाठ ताई आल्या, हातात पाण्याचा पेला घेऊन. टिकली परत गेल्यावर त्या शेजारी जमिनीवरच बसल्या.

“घ्या. फार नेमाचा खोकला आहे तुमचा. कधी दहाव्या मिनिटाच्या पुढे जात नाही.”

आजोबा पाणी प्यायले. तहान नव्हती, तरी सगळं प्यायले.

 ताई खिडकीतून बाहेर पाहत होत्या. रस्त्यापलीकडे लाँड्री होती. दारातच इस्त्रीचं टेबल, टेबलामागे एक बाई, आणि टेबलाखाली, कपड्यांच्या गाठोड्यांमध्ये, दोन लहान पाय.

“दिसतात का?” ताई म्हणाल्या. “अडीच वर्षांची आहे. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, तिथेच. यादीत पहिलं नाव तिचं आहे.”

“मग घेत का नाही?”

“तीन वेळा बोलावलं. खुर्चीत बसायला माणूस नाही. आईला मालक तासाभराची सुट्टी देत नाही, आणि घरात दुसरं कुणी नाही. दर वेळी तिचं नाव ओलांडून पुढे जावं लागतं.” त्यांनी टिकलीकडे पाहिलं. “टिकलीची जागाही तशीच आली.”

“मग नियम बदला.”

“बदलला होता एकदा. कुणी बसायला नसताना एक मूल घेतलं. महिनाभर ते दाराकडे तोंड करून बसून राहिलं. पुन्हा नाही धीर झाला.”

दुसऱ्या दिवशी आजोबा खोकले नाहीत. खरा खोकला आला, तोही त्यांनी रुमालात दाबला. त्या दिवशी दहा मिनिटं झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी वीस, आणि तिसऱ्या दिवशी ताईंनी मोजणंच सोडून दिलं. आजोबा उठले आणि दुकानाशी जाऊन म्हणाले,

“टिकले, मी जातो हं. चार वाजता येतो.”

“जा,” टिकली मान वर न करता म्हणाली. “सावकाश उतरा. पायऱ्या आहेत.”

बाहेर आल्यावर आजोबा एक चप्पल पायात आणि एक हातात अशा स्थितीत बराच वेळ उभे होते. मग त्यांनी दुसरीही घातली आणि रस्ता ओलांडला.

लाँड्रीत त्यांनी पहिल्या दिवशी दोन सदरे दिले. दुसऱ्या दिवशी उरलेले सगळे. तिसऱ्या दिवशी पायजमे. इस्त्री होईपर्यंत ते टेबलाजवळ उपड्या टोपलीवर बसत. टोपली खुर्चीपेक्षा चांगली चार बोटं उंच असल्यानं त्यांना बढती मिळाल्यासारखं वाटे. टेबलाखाली वाफेची ऊब होती आणि ओल्या कपड्यांचा वास. तिथे ती पोर, कपड्यांतून गळलेली बटणं एका डब्यात गोळा करत बसलेली असे. आई तिला बटणच म्हणायची. बटण बोलत नव्हती, हसत नव्हती, काही मागतही नव्हती. टेबलाचा पाय असावा, तशी ती टेबलाला होती.

“फार शहाणी आहे,” आई इस्त्री फिरवता फिरवता म्हणाली. “कधी रडत नाही.”

“कधीच नाही?”

“रडून करणार काय? माझा हात मोकळा कुठे असतो उचलायला?” ती सहज म्हणाली आणि पायजम्याची नाडी सरळ करू लागली.

घरी लेकीनं कपाट उघडलं आणि ती दोन पावलं मागे सरली.

“बाबा, फडक्यांना इस्त्री?”

“स्वच्छता.”

“ओट्याच्या फडक्याला इस्त्रीची घडी आहे, बाबा.”

“राहील चार दिवस,” आजोबा म्हणाले.

सहाव्या दिवशी टेबलाखालून एक छोटा हात बाहेर आला आणि आजोबांच्या तळव्यावर निळं बटण ठेवून परत गेला. आजोबांनी ते तोलून पाहिलं.

“ग्रॅमभर भरेल,” ते म्हणाले. मग प्रामाणिकपणानं पुढे म्हणाले, “कमीच असेल थोडं.”

हात पुन्हा आला आणि बटण घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी तोलायला पाच बटणं आली, आणि त्यांच्यापाठोपाठ, टेबलाच्या काठाखालून, दोन डोळे.

पाळणाघरातलं एक कुटुंब त्याच सुमारास दुसऱ्या गावी गेलं आणि एक जागा रिकामी झाली. बटणसाठी खुर्चीत मी बसतो, असं आजोबांनी तिच्या आईला सांगितलं, तेव्हा तिनं इस्त्री उभी करून ठेवली.

“पण तुम्ही कशाला, काका? तुमच्या कोण आम्ही?”

“घरी बसून तरी काय करतो? तिथली खुर्ची फार आरामाची आहे,” आजोबा म्हणाले. चौतीस वर्षांच्या नोकरीत एवढं खोटं ते एकदाही बोलले नव्हते.

सोमवारी बटण त्यांचं बोट धरून आत आली. पहिला तासभर खुर्चीला चिकटून उभी होती. टिकली ठोकळ्यांची टोपली ओढत जवळून गेली, दोघांकडे एकदा तिनं नीट पाहून घेतलं आणि म्हणाली, “आमचे आहेत. टेकलीस तरी चालेल.” आणि आपल्या दुकानात गेली.

तिसऱ्या दिवशी बटण ठोकळ्यांपर्यंत गेली. चौथ्या, पाचव्या, सहाव्या दिवशी दहाच्या वर मिनिटं झाली. आजोबा ताठ बसले होते, त्या खुर्चीत जमेल तेवढे. ताईंनी खूण केल्यावर ते तिच्याजवळ वाकले.

“बटण, मी बाहेर जाऊन येतो.”

बटणनं मान हलवली. तिकीट पाहून परत देणाऱ्यानं हलवावी तशी. ते दारापर्यंत गेले, दाराबाहेर गेले. तिनं वळूनही पाहिलं नाही.

“झालं की!” बाहेर आलेल्या ताईंना आजोबा म्हणाले. “टिकलीपेक्षा दोन दिवस आधी.”

“नाही झालं.”

“का? टिकलीनं तरी कुठे वर पाहिलं होतं?”

“टिकलीनं पाहिलं नाही, कारण तुम्ही चारला येणार हे तिला पक्कं ठाऊक होतं. ही पाहत नाही, कारण कुणी येईल अशी तिची अपेक्षाच नाही. येणारी-जाणारी माणसं तिनं टेबलाखालून खूप पाहिलीत.” ताईंनी वही मिटली. “बसा परत. सांगून जा, सांगितल्या वेळी या. रोज.”

आजोबा परत बसले. सातवा, आठवा, नववा दिवस गेला. ते सांगून जात, दारामागे उभे राहत, दहा मिनिटांनी परत येत आणि ‘आलो’ म्हणत. बटण मान हलवी. दहाव्या दिवशी त्यांनी ताईंना हळूच विचारलं, पंधरा म्हणजे पंधराच का? ताई म्हणाल्या, मागे चाळीस आहेत, आजोबा. अकराव्या दिवशी ‘आलो’ म्हटल्यावर बटण उठून आली आणि त्यांच्या गुडघ्याला पाठ टेकून बसली. बाराव्या दिवशीही तशीच. त्या रात्री आजोबांनी अर्धी पोळी ताटातच ठेवली, आणि टिकलीनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवून ‘होईल हो सगळं’ असं सांगितलं.

तेराव्या दिवशी ते उठले.

“बटण, मी बाहेर जातो. दहा मिनिटांत येतो.”

बटणनं मान हलवली नाही. तिनं वर पाहिलं. त्यांच्याकडे, मग दाराकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे. तिची हनुवटी थरथरली. तिनं दोन्ही मुठींत त्यांचा कडक इस्त्रीचा सदरा धरला आणि भोकाड पसरलं.

साधंसुधं रडणं नव्हतं ते. अडीच वर्षांचं एकदम होतं. मुलांनी खेळ थांबवले. आजोबा घाबरून ताईंकडे पाहू लागले. ताईंचा चेहरा लग्नघरातल्यासारखा फुलला होता. त्यांनी बटणला अलगद कडेवर घेतलं, आजोबांना नजरेनंच दार दाखवलं आणि तिच्या कानाशी म्हणाल्या, “येणार आहेत हं. दहा मिनिटांत.”

आजोबा बाहेर येऊन भिंतीला टेकले. भिंतीतून आवाज येतच होता. रस्त्यापलीकडून बटणची आई ओल्या हातांनी धावत आली.

“कोण रडतंय हो, काका?”

“तुमची.”

“माझी? माझी रडत नाही कधी.”

“आज रडतेय. मी बाहेर आलो म्हणून.”

ती दाराकडे झेपावली. आजोबांनी हात आडवा केला.

“अजून सात मिनिटं. मग मी आत जाणार आहे. तसं सांगितलंय मी तिला.”

ती थांबली. दोघं भिंतीशी उभी राहून ऐकू लागली. रडणं वर चढलं, थोडं उतरलं, पुन्हा चढलं. आईनं ओले हात पदराला पुसले आणि मान कलती करून ऐकत राहिली.

“एवढा मोठा आवाज आहे तिला?” ती हळूच म्हणाली.

समोरून लाँड्रीच्या मालकानं तिला जोरात हाक मारली. तिनं मागे न पाहताच हात वर केला आणि त्याला गप्प केलं.