लेबल तळहाताकडे

गोदामावरच्या हॉलमध्ये दोनशे माणसं उभी होती आणि बहुतेकांच्या हातात एकेक छोटी बाटली होती. आत काय आहे हे कुणी कुणाला विचारत नव्हतं. सकाळची पहिली लघवी, दुसरं काय! एरवी हीच माणसं ही बाटली दवाखान्यात कागदात गुंडाळून, चोरासारखी नेतात. इथे मात्र छातीशी धरून उभी होती. माणसाची लाज घालवणं, हा नीलबाबांचा पहिला चमत्कार.

दुसरा मंचावर चालला होता. डोळ्यांपर्यंत फडकं बांधलेला एक मौनी शिष्य काचेच्या नळीत निळं पाणी ओती, त्यात बाटलीतले आठ थेंब टाकी आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरी. निळ्याचं हिरवं होई, हिरव्याचं पिवळं आणि शेवटी विटेसारखं लाल.

"पाहा! रक्तातला विखार वर आला!" बाबा गरजत. "आजपासून सुया बंद. अकरा दिवस माझं पाणी घ्या आणि परत या."

बाराव्या दिवशी परत येणाऱ्यांचं पाणी निळंच राही. मग टाळ्यांचा कडकडाट.

"पण बाबा, घरच्या यंत्रावर आकडा चढाच येतो," कुणीतरी धीर करून म्हणालं.

"यंत्राला बोट कळतं, माणूस कळत नाही!"

वाक्य बिनबुडाचं होतं, पण गोल होतं. गडगडत शेवटच्या रांगेपर्यंत गेलं.

त्या रांगेत एक थोरला भाऊ होता आणि त्याची धाकटी बहीण. बहीण कॉलेजच्या रसायनशाळेत बावीस वर्षं सहायक, म्हणून भाऊ तिला नळीबाई म्हणे. त्याची इन्शुलिनची सुई अकरा दिवस बंद होती. पायाच्या अंगठ्यावरची जखम भरायचं सोडून कडेने काळी पडत चालली होती.

"दादा, ही साखरेची साधी तपासणी आहे. आमच्याकडे पहिल्या वर्षाची पोरं करतात."

"पोरांनी केला की प्रयोग, बाबांनी केला की तुझी पोटदुखी. आणि आज निळं राहिलं तर?"

निळं राहिलं तर लघवीत साखर नाही, हे तीच पोरांना शिकवत आली होती.

दादाचा नंबर आला. पाणी उकळलं आणि निळंच राहिलं. दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. "बोल आता, नळीबाई!"

खोटं कशाला सांगा, क्षणभर तीही हरखली. मग तिचं लक्ष मौनीच्या हाताकडे गेलं. ओतण्याआधी तो निळ्या पाण्याची बाटली बोटांतल्या बोटांत अर्धी फिरवत होता. रसायनशाळेतली ही जुनी शिस्त: लेबल तळहाताकडे ठेवायचं, म्हणजे ओघळलेल्या थेंबाने नाव पुसत नाही. पण या बाटलीला लेबलच नव्हतं! तरी हात फिरत होता. ओतून झाल्यावर शेवटचा थेंब नळीच्या काठाला टेकवून सोडत होता. तिचाही हात अगदी तसाच चाले. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात रसायनशाळेच्या सरांनी काचेच्या कांडीने बोटांवर टकटक करत लावलेली ती सवय होती. त्या सरांच्या निरोप समारंभात ती सरांच्या बायकोपेक्षा जास्त रडली होती. मुलीकडे राहायला जातो, म्हणाले होते.

आता तिने मंचावरच्या निळ्या पाण्याच्या दोन बाटल्या नीट पाहिल्या. नव्या रोग्यांसाठी डावी, ती गडद निळी. परतलेल्यांसाठी उजवी, ती फिकी, आभाळासारखी.

ती खाली औषधाच्या दुकानात गेली, ग्लुकोज पावडरचा पुडा घेतला, छोट्या बाटलीत पाण्यात ढवळला आणि पुन्हा रांगेत उभी राहिली.

"माझी दुसरी तपासणी. अकरा दिवस झाले."

उजवी बाटली. पाणी निळंच.

"निर्मळ!" बाबा म्हणाले.

"बाबा, यात निव्वळ साखर आहे. आत्ता खालून आणली." तिने पुडा वर धरला.

"माझ्या दृष्टीने साखरसुद्धा..."

"अगं बाई, साखरेचासुद्धा मधुमेह बरा केला!" पुढची एक म्हातारी म्हणाली आणि हॉल हसला.

ती मात्र हसली नाही. मौनीकडे वळली. "सर, आता हेच डाव्या बाटलीतल्या पाण्यात. उत्तर ठाऊक असलेल्यावर आधी करून पाहा, हे तुमचंच वाक्य."

"तो बोलत नाही!" बाबा ओरडले.

"बोलू नका, सर. ओता."

हात थांबला आणि मग बाटली फिरवून त्याने ओतलं. दिव्यावर धरताच पाणी विटेसारखं लाल झालं.

"डाव्या बाटलीत मोरचूद आहे, त्यात धुण्याचा सोडा आणि सायट्रेट नावाचा क्षार," तिने लोकांना सांगितलं. "तापवलं की साखर त्याला लाल करते. उजवीत नुसतं मोरचुदाचं पाणी. सोड्याशिवाय पोतंभर साखर घालून उकळा, निळंच राहणार. तुमचा रोग गेला नाही. बाटली बदलली."

सरांनी फडकं खाली ओढलं. "मी फक्त द्रावणं करून देत होतो. बोलायचा तो."

"उजवी कुणी भरली, सर?"

मौनव्रत आता कुठे खरं झालं.

दवाखान्याच्या वाटेवर दादा अंगठा सांभाळत लंगडत चालला होता. मग म्हणाला, "तुझे सरच असे निघाले. मग विश्वास ठेवायचा कुणावर?"

"माझ्यावरही नको. उत्तर ठाऊक असलेलं घालून दाखवा, म्हणायचं."

दवाखान्यात नर्सने यंत्र काढलं तसा दादाने हात मागे घेतला. "बाई, आधी याच्यात साखरेचं पाणी घालून दाखवाल?"

नर्स रागावेल असं त्याला वाटलं होतं. तिने ड्रॉवरमधून एक इवलीशी कुपी काढली. "मोजलेल्या साखरेचं पाणी. रोज सकाळी यंत्र तपासतो, काका. बघा." कुपीवर छापलेल्या हद्दीतच आकडा आला. मग दादाने बोट पुढे केलं. आकडा चारशेच्या वर होता. अकरा दिवस कुणाचं ऐकून आपण सुई बंद ठेवली, हे त्याला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी रसायनशाळेत तिने बाटली उचलली आणि बोटांनी ती आपसूक फिरवली. लेबल तळहाताकडे आलं. तिला ती सवय तिथल्या तिथे झटकून टाकावीशी वाटली. पण शिस्त खरी होती, खोटा निघाला तो शिकवणारा. तिने ओतलं, शेवटचा थेंब काठाला टेकवला आणि समोरच्या पोरांना म्हणाली, "माझं ऐकू नका. आधी उत्तर ठाऊक असलेलं घाला."