उरमोडी बुक डेपोचं जाहीर निवेदन

लालासाहेबांनी खिशातला पांढरा रुमाल काढला, सातव्या कपाटाच्या तिसऱ्या फळीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला आणि दारातल्या उजेडात धरून पाहिला. रुमाल पांढराच होता. गल्ल्याजवळ सांगली शाखेचा व्यवस्थापक कृष्णात हात मागे बांधून उभा होता. आठ दिवस आधी कार्ड टाकून तपासणीला येणाऱ्या माणसाला धूळ सापडत नसते, हे त्याला इतक्या वर्षांत पाठ झालं होतं.

"लेथ मशीनचं पुस्तक?" लालासाहेबांनी पाठमोऱ्यानंच विचारलं.

"पाचवं कपाट, दुसरी फळी, डावीकडनं पयलं."

"पाचगणीत?"

"थितं बी त्येच."

"कवठ्यात?"

कृष्णात जरा थांबला. "थितं बी त्येच हुतं," तो म्हणाला.

लालासाहेबांनी समाधानानं मान हलवली आणि रुमालाची घडी घालून खिशात ठेवली. उरमोडी बुक डेपोची ही शेवटची तपासणी होती, पण त्यांनी एकही फळी सोडली नव्हती.

लालासाहेबांची उभी हयात फौजेच्या स्टोअरमध्ये गेली होती. सुभेदार होऊन परतल्यावर शेतात ऊस लावून ओट्यावर बसायचं सोडून त्यांनी साताऱ्याच्या स्टँडसमोर पुस्तकांचं दुकान टाकलं आणि त्याला आपल्या गावच्या नदीचं नाव दिलं. गावात लोक हसले. दहा वर्षांत वाई, कोरेगाव, पाचगणी, कराड, इस्लामपूर, विटा, कवठे महांकाळ आणि सांगली अशा शाखा झाल्या, तेव्हा तेच लोक पोरांना नोकरीला लावा म्हणून दारात येऊ लागले. नऊही दुकानांत कपाटं तितकीच, फळ्या तितक्याच आणि प्रत्येक पुस्तकाची जागा ठरलेली. वाईच्या माणसाला डोळे बांधून विट्याच्या दुकानात सोडला असता तरी त्यानं मागाल ते पुस्तक हातात ठेवलं असतं. लालासाहेबांना याचा फार अभिमान होता, आणि तो वावगा नव्हता.

घोळ होता तो दुसऱ्या नियमात. फौजेत जवान कुठलाही असो, बूट सगळ्यांना सारखे मिळतात. तसा माल नऊही शाखांना सारखा जायचा, तीच पुस्तकं आणि तितक्याच प्रती. त्यामुळे पाचगणीला, जिथं बोर्डिंगची पोरं इंग्रजी गोष्टींची पुस्तकं मागत, तिथं ऊस लागवड, लेथ मशीन आणि ग्रामपंचायतीचा कायदा येऊन पडायचा. कवठे महांकाळला, जिथं पावसानं दोन वर्षं तोंड दाखवलं नव्हतं, तिथं टेबलावर काट्याचमच्यानं कसं जेवावं याच्या चाळीस प्रती गेल्या होत्या. कुणी सांगायला धजत नव्हतं आणि सुभेदार कुणाला विचारत नव्हते. पुढं शाळेची पुस्तकं सरकारी झाली, त्यातलं कमिशन घटलं, तसा सगळा भार याच पुस्तकांवर आला आणि एकेक शाखा मोडत गेली. चालल्या फक्त सांगली आणि पाचगणी. दोन बैलांनी नऊ गाड्या किती दिवस ओढायच्या? चौऱ्याहत्तरच्या एप्रिलात साताऱ्याच्या मुख्य दुकानालाही कुलूप लागलं.

पाचगणीचं दुकान तिथल्या व्यवस्थापकाच्या, नानासोच्या नावावर करून लालासाहेब मोकळे झाले होते. आज सांगलीची पाळी होती. कृष्णातच्या नावानं तयार केलेला कागद त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात होता, फक्त सही राहिली होती.

"डेपो मोडला, पर त्याचं नाव आता तुमी दोघंच चालवणार," लालासाहेब खुर्चीत बसत म्हणाले. "का म्हाईत हाय का? माझ्या नियमानं तुमी दोघंच वागलात म्हणून."

"व्हय, सुभेदार," कृष्णात म्हणाला.

हे म्हणताना त्याची पापणीसुद्धा हलली नाही. माणूस मुळातच खमक्या होता. सांगलीत कुठल्या शाळेला काय हवं, कुपवाडच्या कारखान्यातून सुटून सायकलीवर येणारे कामगार शनिवारी काय मागतात, हे त्याला गिऱ्हाईक पायरी चढायच्या आधी कळायचं. आणि नियमानं तर तो दहा वर्षांत एक दिवसही वागला नव्हता.

साताऱ्याच्या वार्षिक सभेत तो आणि नानासो जेवायला शेजारी बसले होते, तेव्हाच त्यांचं जमलं. साताऱ्याहून माल आला की कृष्णात इंग्रजी पुस्तकांची ट्रंक भरून महाबळेश्वरच्या एसटीच्या टपावर चढवायचा. उलट्या गाडीनं नानासोकडून ऊस लागवड आणि लेथ मशीन यायची. गाडी साताऱ्याच्या स्टँडवर अर्धा तास थांबायची आणि सुभेदार समोरच्या दुकानात बसून तिच्याकडं बघत चहा प्यायचे. तपासणीचं कार्ड आलं की ट्रंका जशाच्या तशा परत फिरायच्या आणि पुस्तकं ठरल्या फळीवर जाऊन बसायची. या उद्योगाची कृष्णातला कधी लाज वाटली नव्हती. उलट आपण दोघांनी दोन दुकानं जगवली, असंच त्याला वाटायचं.

"कागद घे," लालासाहेब म्हणाले. "तुझं अक्षर मोत्यासारखं हाय. पेपरात निवेदन द्यायचंय, साताऱ्याच्या अन् सांगलीच्या. त्ये झालं की तुझ्या कागदावर सही करतो अन् चारच्या गाडीनं जातो."

कृष्णातनं कोरा कागद घेतला, टाकाचं टोक पुसलं आणि लिहू लागला. सांगताना लालासाहेबांची भाषा बदलली. फौजेत अर्ज लिहून लिहून ती कडक झाली होती.

"सर्व वाचकांस व शाळांस कळविण्यात येते की, पंचवीस वर्षे आपल्या सेवेत असलेला उरमोडी बुक डेपो बंद करण्यात येत आहे. डेपोच्या सर्व शाखांस सारखाच माल दिला जात होता. पैकी सांगली व पाचगणी येथे तो उत्तम खपला. इतर शाखा बुडाल्या त्या तेथील व्यवस्थापकांच्या गलथानपणामुळे." ते थांबले. "लिव्हलंस?"

"लिव्हलं."

"आता खाली नावं घाल एकेकाची. लोकांना कळू दे डेपो कुणी बुडवला त्ये. कवठ्याच्या दादासोचं पयलं घाल."

कृष्णातनं टाक दौतीत बुडवला. तो कागदाजवळ नेला आणि तसाच धरून ठेवला.

दादासो कवठ्याकडच्या मेंढरं राखणाऱ्या घरातला. त्यांच्या घरात मॅट्रिक झालेला पहिला माणूस. दुकान उघडताना उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावायचा. चार वर्षांपूर्वी यानंच एकट्यानं साताऱ्याला पत्र धाडलं होतं, की ही पुस्तकं इकडं खपत नाहीत, आम्हाला वेगळी द्या. सुभेदारांनी ते पत्र सभेत सगळ्यांपुढं वाचलं होतं. मग त्यांनी कृष्णातला उभं केलं होतं.

"तुला त्योच माल मिळतोय न्हवं? खपतोय का न्हाई?"

"खपतोय," कृष्णात म्हणाला होता.

तेवढंच. दादासोनं त्याच्याकडं एकदा बघितलं होतं आणि तो खाली बसला होता. त्याच आठवड्यात त्याला काढलं. चार वर्षांत कृष्णातनं तो दिवस मनात वर येऊ दिला नव्हता, आणि आला तर आपल्या पोराबाळांचं नाव पुढं करून परत खाली दाबला होता. दादासो आता कवठ्याच्या आठवडी बाजारात पावत्या फाडतो, हे त्याला ठाऊक होतं. डेपोत हात मारला म्हणून काढला, असं तिथं लोक बोलतात, हेही कानावर आलं होतं.

आता त्याचं नाव पेपरात छापून येणार होतं, आणि ते लिहून द्यायचं होतं कृष्णातच्या मोत्यासारख्या अक्षरानं.

"शाई संपली का?" लालासाहेबांनी विचारलं.

"न्हाई."

"मग?"

कृष्णातनं टाक खाली ठेवला. कोटाच्या खिशातून कागदाची कड बाहेर डोकावत होती, ती त्याला दिसत होती. नानासोनं आपला कागद मुकाट्यानं घेतला होता. आपणही घेतला तर विचारणारं कुणी नव्हतं.

"सुभेदार, दादासो खरं बोलला हुता," तो म्हणाला. "कवठ्यात त्यो माल खपण्याजोगा नव्हताच. सांगलीत बी न्हवता."

"तू तर म्हणालास खपतोय."

"आमी बदलून घेत हुतो. मी अन् नानासो. इंग्रजी पुस्तकं हिकडली थिकडं अन् शेतीची थिकडली हिकडं. तुमचं कार्ड आलं की परत जागच्या जागी."

लालासाहेबांनी चष्मा काढला. "किती वर्सं?"

"धा."

"कशानं?"

"महाबळेश्वर गाडीनं. टपावर टाकून."

"म्हंजी साताऱ्यावरनं."

"व्हय. आपल्या दुकानासमोर थांबायची."

म्हाताऱ्याच्या नाकातून हवा सुटली. हसू होतं की काय कोण जाणे, पण ते ओठांपर्यंत आलं नाही. त्यांनी कपाटांवरून नजर फिरवली, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत. मग ते हळूहळू, स्वतःलाच समजावून सांगितल्यासारखं बोलू लागले.

"सांगली चालती. पाचगणी चालती. माल सगळीकडं सारखा. मग मी काय म्हणणार, माल चांगला हाय, माणूस वाईट हाय. म्हणून एकेकाला काढत गेलो. नवा माणूस बसवला, त्यालाबी काढला. माल बदलायचं डोक्यातच आलं न्हाई." त्यांनी कृष्णातकडं पाहिलं. "तुमची दुकानं बुडाली असती तर आलं असतं."

हे कृष्णातनं कधीच असं मांडून पाहिलं नव्हतं. आपण दोन दुकानं जगवली हे त्याला माहीत होतं. बाकीची कशानं गेली हे त्यानं स्वतःला विचारलंच नव्हतं. त्याला भयंकर लाज वाटली.

"तवाच सांगितलं असतंस तर?" लालासाहेब म्हणाले.

"तुमी ऐकलं असतं का?"

बाहेरून एक टांगा खडखडत गेला. तो पार कोपऱ्यावर वळेपर्यंत लालासाहेब विचार करत होते. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

"न्हाई," ते म्हणाले. "तुलाबी काढलं असतं."

"त्याचंच भ्या हुतं."

"मग आज का सांगितलंस? सही हुईस्तोवर तरी थांबायचं हुतंस."

"सही झाल्यावर सांगितलं नसतं, सुभेदार. मला मी म्हाईत हाय."

लालासाहेबांनी चष्मा परत लावला आणि टाकाकडं बोट केलं. "गलथानपणाची ती ओळ खोड. अन् नावं बिवं काय नगं."

"तिथं काय लिहू?"

"मालकानं इचारलं न्हाई म्हणून. चांगल्या भाषेत घाल."

कृष्णातनं ओळ खोडली. वाचता येणार नाही अशी, दोनदा. खाली लिहिलं, 'कोणत्या शाखेस काय हवे हे मालकाने कधी विचारले नाही.' तो पूर्णविराम द्यायला थबकला, मग त्यानं स्वल्पविराम दिला आणि पुढं लिहीत गेला. कागद वाळू न देताच त्यानं तो लालासाहेबांसमोर सरकवला.

त्यांनी तो हातभर लांब धरून वाचला. शेवटची ओळ पुन्हा मोठ्यानं वाचली. "'व सांगलीच्या व्यवस्थापकास हे माहीत असूनही त्याने सांगितले नाही.' ह्ये घालायला तुला कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई."

"सांगलीत समदी वाचत्याल, कृष्णात. हितंच दुकान मांडायचंय न्हवं तुला?"

"हितंच मांडायचंय. म्हणूनच घातलं."

लालासाहेबांनी निवेदनाखाली सही केली. लांबरुंद, फौजेतली सही. मग कोटातला तो दुसरा कागद बाहेर काढला, उलगडला, पुन्हा घडी घातली आणि होता तिथंच ठेवून दिला. कृष्णातनं तिकडं बघायचं टाळलं. मागावा असं त्याला वाटलं नाही, आणि तो हातचा गेला असंही वाटलं नाही.

"आज मी जात न्हाई," लालासाहेब म्हणाले. "तुझ्याकडं टेकतो. सकाळी कवठ्याला जायचं. छापायच्या आधी ह्ये दादासोला वाचून दाखवायचं."

"तुमी सांगनार त्याला?"

"तू वाचायचं. मी बाजूला उभा ऱ्हातो. मला त्याच्यापुढं वाचायला जमायचं न्हाई. तुझ्या कागदाचं बी त्यालाच इचारू. दे म्हणाला तर थितंच सही करतो. भागीदार म्हणून त्याचं नाव घाला म्हणाला तर त्येबी घालू."

"अन् नगं म्हणाला तर?"

"तर न्हाई."

कृष्णातनं मान हलवली. त्यात काही चुकीचं आहे असं त्याला वाटलं नाही. त्यानं दौतीला बूच लावलं, निवेदनाची घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवली.

"पयली गाडी सव्वासातला हाय," तो म्हणाला. जरा वेळानं त्यानं विचारलं, "सुभेदार, त्यानं आपल्याला दारातनंच लावून दिलं तर?"

"तर दारात उभं ऱ्हायचं," लालासाहेब म्हणाले. "त्यो चार वर्सं उभा हाय."