सोळा उड्या, आवाज न करता

मी एक जुनी प्लायवूडची फळी आहे. मित्रांनो, आधी मी एका यंत्राच्या खोक्याची बाजू होते. नवलाख उंबरे गावाजवळच्या कारखान्यात यंत्र उतरलं, खोकं फोडलं आणि मी शेडमागे उभी राहिले. अंगावर 'ही बाजू वर' असा बाण होता. तो तेवढा अजून आहे.

तिथे कामाला असलेल्या हौशीरामांनी गेटपास करून मला घरी आणलं आणि माझ्या पाठीला सायकलच्या जुन्या ट्यूबचे रबरी तुकडे चिकटवले. कारण घरची फरशी कडक आणि त्यांची नववीतली मुलगी अपेक्षा दर रविवारी लोणावळ्याला बॅले शिकायला जाते. छोट्या उड्यांचा सराव ती माझ्यावर करते, बाणाच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून.

खरं सांगते, सुरुवातीला ती भयंकर आपटायची. चार वर्षं शाळेच्या लेझीम पथकात पुढे असलेली मुलगी. तिथे आकडा आला की पाय दणकन पडलाच पाहिजे. शाबासकीही त्याचीच मिळायची. तीच सवय ती घेऊन आली होती. एक, धप्. दोन, धप्. आतल्या खोलीत रात्रपाळी करून आलेले हौशीराम कूस बदलायचे.

"अगं, बाप झोपलाय तुजा," आजी अंबूबाई म्हणायच्या. "फळी मोडायची हाय का?"

मग एका रविवारी ती चेहरा पाडून आली. तिला बॅले शिकवणाऱ्या तेजलताईंनी सांगितलं होतं, "कार्यक्रमात आठ जणींनी एकत्र सोळा उड्या मारायच्या आहेत. तुझा एकटीचा पाय वाजतो. आकड्यावर हवेत असायचं, उतरायचं दोन आकड्यांच्या मधे. पुढच्या रविवारी बघते. नाही जमलं तर या कार्यक्रमात तू नाहीस."

अंबूबाईंनी खुंटीवरची लेझीम काढली आणि माझ्या कोपऱ्यावर ठेवली.

"ही वाजली का तू आपटलीस. ती खोटं न्हाई बोलत."

"आजी, ती तर वाजणारच ना."

"मग कमी वाजव."

सोमवारी लेझीम नुसती खणखणत होती. मंगळवारी अपेक्षा उड्या सोडून फक्त गुडघे वाकवत राहिली, टाचा न उचलता. तेव्हा तिचं वजन पहिल्यांदा माझ्यावर सारखं पसरलं. बुधवारी ती मला ढकलून वर गेली, बोटं सगळ्यांत शेवटी सुटली. उतरताना आधी बोटं, मग चवडा, मग टाच, आणि लगेच गुडघे वाकले. खांदे मात्र कानाला लागले होते. गुरुवारी तेही खाली आले.

शनिवारी दुपारी तिने सोळा उड्या मारल्या. लेझीम एकदाच किणकिणली, नवव्या उडीला.

चार वाजता हौशीराम डोळे चोळत बाहेर आले. "आज सराव न्हाई केलास व्हय? पाय दुखतोय का?"

अंबूबाई पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. अपेक्षाने लेझीम उचलून खुंटीला लावली.

रविवारी तेजलताईंनी तिला आठ जणींत ठेवलं.

मित्रांनो, माझा एक कोपरा ओलीने फुगलाय. सराव झाला की मला पुसून, कोरड्या भिंतीला उभी करा. आणि माझ्यावर उड्या मारा, खुशाल मारा. फक्त उतरताना आत कोणीतरी झोपलंय असं समजा.