बिननंबराची केबिन

सत्यशीला गायकवाड यांना पाटबंधारे खात्यानं शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ देऊन घरी पाठवलं, त्याच संध्याकाळी त्यांनी विश्रांतवाडीच्या आपल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये जाहीर केलं की त्यांना आठ दिवस एका खोलीत एकटीनं राहायचंय. खोलीला खिडकी हवी. खिडकीतून पाणी दिसायला हवं.

त्यांचे यजमान रावसाहेब तेव्हा नव्या घड्याळात सेल घालत होते.

"पाणी कुठलं?" त्यांनी विचारलं.

"समुद्राचं. बोटीवरून."

"मग मी नाही." रावसाहेबांना लिफ्टमध्येही भोवळ येत असे. चौथ्या मजल्यावर ते गेली बारा वर्षं जिन्यानं जात होते.

"तुम्हाला कोण नेतंय? एकटीनं म्हटलं ना."

"मग हरकत नाही," असं म्हणून रावसाहेबांनी घड्याळ लावलं. ते सात मिनिटं पुढे होतं. खात्यानं आयुष्यात पहिल्यांदाच काही वेळेआधी दिलं होतं.

मागणी वरवर पाहता फार मोठी नव्हती. पण सत्यशीलाबाईंना अख्ख्या आयुष्यात स्वतःची म्हणून खोली अशी मिळालीच नव्हती. माहेरी येरवड्यात एका खोलीत नऊ माणसं. सासरी सासूबाई, दोन दीर आणि एक शिवणयंत्र, त्यात शिवणयंत्राचा मान पहिला. ऑफिसात त्या अनुरेखक होत्या. म्हणजे साहेबांनी काढलेला नकाशा पारदर्शक कागदावर शाईनं हुबेहूब उतरवून काढायचा. त्या हॉलमध्ये सोळा टेबलं होती आणि खिडकी एकच, ती उपअभियंत्यांच्या पार्टिशनच्या आत. त्यांनी अकरा धरणं उतरवली. भरलेलं एकही पाहिलं नाही. पुढे देशात उदारीकरण आलं, खात्यात संगणक आला आणि सोळाही टेबलं गेली. बाईंना आवक-जावक विभागात बसवलं. शेवटची नऊ वर्षं त्यांनी कागदांवर शिक्के मारण्यात काढली. हात मात्र तसाच राहिला होता, आणि डोळा हाताहून पक्का.

मुलगी चैताली हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत. सकाळी पावणेसातची कंपनीची बस आणि रात्री नऊला घरी, त्यामुळे तिची सगळी मतं घरात फोनवरून, वाकडच्या ट्रॅफिकमधून येत. तिनं लगेच एक मोठं जहाज सुचवलं. तीन हजार प्रवासी, अकरा रेस्टॉरंटं, चढायला खोटा डोंगर. ऑफिसमधल्या दोघींच्या मम्मी जाऊन आल्या होत्या आणि फोटो एकदम ऑसम होते. सत्यशीलाबाईंनी फोटो बाजूला सारले आणि जहाजाचा नकाशा मागितला. तो चौदा पानांचा निघाला.

"यात तीन हजार माणसं आहेत," त्या म्हणाल्या. "तीन हजार माणसं बघायला पासपोर्ट कशाला? मी आळंदी रोडला उभी राहते."

त्यांना पसंत पडली ती क्रोएशियाच्या किनाऱ्यानं फिरणारी एक छोटी बोट. अठरा केबिनी. दिवसा चार तास चालायचं, दुपारी एखाद्या खाडीत थांबायचं, संध्याकाळी मोठ्या जहाजाला शिरताच येणार नाही अशा एखाद्या खेड्याच्या बंदरात दोर बांधायचा. मुख्य म्हणजे नकाशा एका पानात मावत होता.

त्या बोटीचं बुकिंग पुण्यात एकच जण करत असे. नारायण पेठेतल्या लाकडी जिन्यावरचा अभय. चाळिशीचा गृहस्थ. गिऱ्हाइकाला परावृत्त करणं हा तो सचोटीचा भाग समजे. त्यानं बाईंना बसा म्हणायच्या आधीच सांगितलं की या बोटीला लिफ्ट नाही, नाचगाणं नाही, दुकानं नाहीत आणि जेवण कप्तानाचा मेहुणा करील ते. सगळे एकाच वेळी एकाच ठिकाणी जेवतात. लोक नंतर तक्रार करतात की बोटीवर करण्यासारखं काही नव्हतं. बाईंनी वहीत 'फायदे' असा मथळा घालून हे सगळं क्रमानं लिहून घेतलं. अभयनं ते उलटं वाचलं आणि त्याला पहिल्यांदाच जरा वाटलं की या बाई परत जाणार नाहीत.

मग तो कामाचं बोलला. निघण्याच्या आदल्या दिवशी बंदराच्या गावी मुक्कामाला पोचायचं, कारण विमान उशिरा आलं तर मोठं जहाज तुमच्यासाठी थांबत नाही आणि छोटंही थांबत नाही, फक्त छोट्यातले लोक हात हलवतात. टणक सुटकेस न्यायची नाही, पलंगाखाली वीतभरच जागा असते. मऊ बॅग, जी रिकामी झाल्यावर घडी होईल. मांस-मासे चालतात की नाही ते आत्ताच फॉर्मवर लिहायचं, तिथं गेल्यावर मेहुण्याला नाही सांगायचं. पोटात ढवळायच्या गोळ्या ढवळण्याच्या आधी घ्यायच्या. आणि केबिन शक्यतो खालच्या मजल्यावरची, मधोमध. बोट तिथं कमी डोलते.

"आणि एकटीसाठी?" बाईंनी विचारलं.

एकटीसाठी दोन मार्ग होते. एकतर दोघांचे पैसे भरून केबिन घ्यायची, नाहीतर जोडीदारीण. अभयकडे एक जोडीदारीण तयारच होती. सुशीलाबाई, शाळेतून निवृत्त, राहायला दोन गल्ल्या सोडून. त्यानं शनिवारी अकराची वेळ ठरवली.

शनिवारच्या त्या भेटीचं रूप हळूहळू मुलगी बघायच्या कार्यक्रमासारखं होत गेलं. अभयनं चहा मागवला आणि स्वतः मध्यस्थासारखा कोपऱ्यात बसला. सुशीलाबाई नीटस, बोलक्या, मायाळू. त्यांनी आधी शिक्षण विचारलं, मग नोकरी, मग मुलगी कुठे असते. हिंजवडी ऐकून त्या प्रसन्न झाल्या. वारा त्यांना बाधत असल्यामुळे खिडकीचा पडदा त्या ओढूनच ठेवीत. पहाटे चारला उठून स्तोत्रं म्हणत, पण हळू आवाजात. मग त्यांनी आडनाव विचारलं.

"गायकवाड."

"अय्या, म्हणजे बडोद्याच्या?"

"नाही. विश्रांतवाडीच्या."

सुशीलाबाईंनी मनात काहीतरी जुळवून पाहिलं. नाव, आडनाव, वस्ती. जुळलं बहुधा. चहाचा कप खाली ठेवून त्या अधिकच मायेनं म्हणाल्या, "माझं काही नसतं हो तसलं."

"तसलं म्हणजे कसलं?" सत्यशीलाबाईंनी विचारलं. त्यांना चौतीस वर्षांची सवय होती, नकाशात अर्धवट सोडलेली रेघ दिसली की साहेबांना विचारायची.

अभयनं पंख्याकडे पाहिलं. सुशीलाबाईही पंख्याकडे पाहत होत्या, पण पंखा मदतीला आला नाही.

"म्हणजे... घोरण्याबिरण्याचं."

"मी घोरते," सत्यशीलाबाई म्हणाल्या, आणि चहा संपवून उठल्या.

त्या घोरत नसत. पण बसमध्ये बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की राग त्या एका वाक्याचा फारसा आलाच नव्हता; तशी वाक्यं त्यांनी साठवली असती तर घरात ठेवायला जागा उरली नसती. राग पडद्याचा आला होता. त्या शिवणयंत्रासाठी सरकल्या होत्या, पार्टिशनसाठी सरकल्या होत्या. आता समुद्रावर जाऊन स्तोत्रांसाठी सरकणार नव्हत्या.

सोमवारी त्या पुन्हा जिना चढल्या. अभयनं हात वर केले. मग आता नऊ नंबरची केबिन, तेवढीच उरलीय, दोघांचे पैसे, पण पूर्ण समुद्रदर्शन. असं माहितीपत्रकातच छापलेलं होतं. बाईंनी उद्या सांगते म्हटलं आणि बोटीचा नकाशा मागून घेतला. अभय म्हणाला की त्यात बघण्यासारखं काही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नकाशा बाल्कनीच्या काचेवर चिकटवला, त्यावर ट्रेसिंग पेपर लावला आणि कपाटातून शाईचं पेन काढलं. नऊ वर्षांनी. रावसाहेब पेपर वाचायचं सोडून बघत उभे राहिले. पाऊण तासात बोट कागदावर उतरली आणि उतरता उतरता उलगडली. नऊ नंबरच्या खिडकीसमोर तुटक रेघेची एक लांबोळी आकृती होती आणि दोन टोकांना दोन छोटे हूक. तुटक रेघ म्हणजे वर टांगलेलं काहीतरी.

"होडी," बाई म्हणाल्या. "यांच्या पूर्ण समुद्रदर्शनासमोर होडी टांगलीय."

रावसाहेबांनी चष्मा लावून खात्री केली. मग त्यांनीच बोट ठेवलं ते खालच्या मजल्यावर, मधोमध. "आणि हे काय? याला नंबर नाही."

दुपारी नारायण पेठेत अभय म्हणाला, कोठार असेल. बाई म्हणाल्या, कोठाराला खिडकी कोण ठेवतं आणि आत पलंग कोण काढतं? हा पलंग आहे, एकच आहे, आणि हे दार जिन्याच्या पायाशी उघडतं. अभय म्हणाला, मॅडम, ती केबिन विक्रीलाच नाही. बाई म्हणाल्या, असं त्यांनी सांगितलंय की तुम्ही सांगताय? ट्रेसिंगवर लाल वर्तुळ काढून बाईंनी ते चैतालीला दिलं, चैतालीनं ऑफिसात स्कॅन केलं आणि ते अभयच्या नावे थेट बोटीच्या मालकाला गेलं, सोबत बाईंचा एकच प्रश्न: इथं कोण झोपतं?

चार दिवसांनी उत्तर आलं. तिथं वाटाड्या झोपत असे. या मोसमात वाटाड्या कप्तानाचा भाचा असल्यामुळे तो कप्तानाकडेच झोपतो. खोली लहान आहे, रिकामी आहे, एका माणसाच्या पैशात मिळेल. अट एक. जिना शिडीसारखा उभा आहे, तेव्हा प्रवाशानं कोणाच्याही मदतीशिवाय चढता-उतरता येतं असं सही करून द्यावं.

बाईंचा उजवा गुडघा निवृत्तीच्या तीन वर्षं आधीच निवृत्त झाला होता. चैतालीनं बसमधून सांगितलं की मम्मी, सही करून टाक, तिथं कोण बघतंय, सगळे करतात. बाईंनी सही केली नाही. चौतीस वर्षांत त्यांनी न पाहिलेल्या गोष्टीवर सही केली नव्हती, आणि आता तर जबाबदारी ढकलायला साहेबही नव्हते. मालकानं सहा आठवड्यांची मुदत दिली.

इमारतीच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीला लोखंडी शिडी होती, अकरा पायऱ्यांची. दुसऱ्या दिवशी सकाळी सत्यशीलाबाई पंजाबी ड्रेस घालून शिडीपाशी उभ्या राहिल्या. पहिल्या आठवड्यात तीन पायऱ्या झाल्या. रावसाहेब, ज्यांना स्टुलावरही भोवळ येई, गच्चीच्या कठड्याकडे पाठ करून खाली बसत आणि वेळ लावत. त्यासाठी ते भिंतीवरचं खात्याचं घड्याळ रोज काखेत धरून वर आणत. सोसायटीत आधी कुजबुज झाली, मग तक्रार झाली की गायकवाडबाई पाण्यात काहीतरी टाकतात. सेक्रेटरी चौकशीला वर आले. बाई तेव्हा आठव्या पायरीवर होत्या आणि उतरायच्या मनःस्थितीत नव्हत्या. रावसाहेबांनी त्यांना सांगितलं की पाण्यात काही टाकत नाहीयेत, पाण्यावर जातायत. सेक्रेटरी खाली गेले आणि नंतर वर आले नाहीत.

पाचव्या आठवड्यात गुडघा सुजला. चैतालीनं सुट्टी काढून मम्मीला डॉक्टरकडे नेलं आणि येताना रिक्षात शांतपणे सांगितलं की मोठ्या जहाजाला लिफ्ट असते. सत्यशीलाबाईंनी चार दिवस बर्फ लावला. पाचव्या दिवशी त्या वर गेल्या, चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना दुखरा आधी, हे डॉक्टरांनी शिकवलेलं तेवढं बरोबर घेऊन.

"अकरा," रावसाहेब म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "आणि अकरा खाली. दोन मिनिटं दहा."

"कोणी हात दिला?"

"मी डोळे मिटून बसलो होतो. हात कुठून देणार?"

त्याच दुपारी त्यांनी नारायण पेठेत जाऊन सही केली. अभयनं फॉर्म दोनदा वाचला, शिक्का मारला. शिक्का तिरका पडला. बाईंनी तो पाहिला आणि पेनाला टोपण घातलं.

"ही केबिन सहा वर्षं माझ्या नकाशात होती," अभय म्हणाला.

"होतीच की."

सुशीलाबाईंना नंतर दुसरी जोडीदारीण मिळाली आणि नऊ नंबर त्यांनी घेतला. होडीमुळे वारा लागणार नाही, हे सत्यशीलाबाईंनी अभयकडून त्यांना मुद्दाम कळवलं होतं.

पुढल्या सप्टेंबरात, बोटीवरच्या पहिल्या सकाळी, रावसाहेबांचा फोन आला. चैतालीनं दिलेल्या, मोजक्या मिनिटांच्या परदेशी फोनच्या कार्डावरून, म्हणजे थोडक्यात बोलायचं होतं. जिना कसा आहे? चौदा पायऱ्या. हात? नाही. मेहुणा? मासे चांगले करतो, लसूण जास्त घालतो. ढवळलं? गोळी आधी घेतली.

"खोली केवढी आहे?"

"हात पसरले की दोन्ही भिंती लागतात." त्यांनी ते दोनदा करून पाहिलं होतं. "दाराला आतून कडी आहे."

"लावलीस?"

"रात्रीपासून उघडली नाही."

"आणि खिडकीतून काय दिसतं?"

सत्यशीलाबाईंनी गोल खिडकीतून पाहिलं. बंदर छोटं, त्यामुळे बोटी धक्क्याला एकीला एक बांधून रांगेनं उभ्या करतात, ही गोष्ट अभयला ठाऊक नव्हती आणि नकाशातही नव्हती. समोर दीड हातावर दुसऱ्या बोटीची तशीच गोल खिडकी होती.

"एक माणूस दात घासतोय," त्या म्हणाल्या.

रावसाहेब जपून म्हणाले, "मग आता?"

"त्याची बोट बाहेरच्या बाजूला बांधलीय. सात वाजता आधी तीच सुटते. मी काल जाऊन विचारून आलेय."

"आता किती वाजले?"

"सहा पन्नास."

"ठेवतो मग," रावसाहेब म्हणाले, आणि ठेवला.

त्या पलंगावर बसल्या, उशी पाठीला घेतली आणि वाट पाहू लागल्या. समोरच्या माणसानं चूळ भरली, त्यांना पाहून संकोचून मान लववली. त्यांनीही लववली. पलीकडे दोर सुटल्याचा आवाज झाला, इंजिन घरघरलं आणि ती दुसरी खिडकी माणसासकट हळूहळू डावीकडे सरकत गेली. मग बोटीचं पांढरं पोट सरकलं, मग शेपटाकडचा झेंडा.

मग सरकायला काहीच उरलं नाही. सगळं पाणी होतं, आणि ते थेट त्यांच्या खिडकीपासून सुरू होत होतं.

दारावर टकटक झाली. कप्तानाचा भाचा नाश्त्याला बोलवत होता.

"पाच मिनिटांनी," सत्यशीलाबाई मराठीत म्हणाल्या, आणि कडी उघडली नाही.